काट्याचा पाना

बाबा बोल्ट आवळायचे तेव्हा बोल्टकडे कधी बघायचे नाहीत. पाना नीट बसला की मान वळवून समोरच्या भिंतीकडे, नाहीतर वर गॅलरीत वाळत घातलेल्या लुगड्यांकडे बघत राहायचे आणि फक्त मनगट हलायचं. खांदा नाही, दंड नाही, नुसतं मनगट. मग एका क्षणी हात आपोआप थांबायचा. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, तुम्ही बघत का नाही, तर म्हणाले, "डोळे मधी मधी करतत गो. हाताक एकट्याक सोडूचा. तेका बरोबर समाजता."

आमची काळी-पिवळी टॅक्सी चाळीच्या मागच्या आवारात, पाण्याच्या टाकीला लागून उभी असायची. लालबागमधल्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची दीड खोली होती आणि घरात आम्ही तिघंच: बाबा, आई आणि मी. बाबा मालवणकडून आले तेव्हा त्यांच्या गावची सगळी माणसं गिरणीत लागली, हे एकटेच टॅक्सीवर बसले. ती टॅक्सी त्यांनी एवढी वर्षं चालवली की तिच्या इंजिनाचा आवाज आईला गल्लीच्या तोंडापासून ओळखू यायचा आणि ती तव्याखालची आच वाढवायची. बाबा जिना चढता चढता वास घेत यायचे आणि पहिल्या मजल्यावरूनच ओरडून विचारायचे, "बांगड्याक तिरफळा घातलंस मा?" दरवाजाशी येईपर्यंत त्यांना मासा कुठला, नारळ ताजा की कालचा, आणि शेजारच्या खोलीत काय शिजतंय हे सगळं कळलेलं असायचं. आई म्हणायची, ह्यांका डोळे दिले नसते तरी चालला असता.

रविवार सकाळ टॅक्सीची. आई वर घावणे घालायची, त्याचा चर्र आवाज खाली आवारापर्यंत यायचा. पलीकडच्या गल्लीत मसाला कांडायचे डंक धाडधाड चालू असायचे, कोणीतरी टाकीखाली चादरी धूत असायचं, आणि आमच्या टॅक्सीचं बॉनेट उघडलेलं. पेट्रोलच्या कामाला हात लावायच्या आधी बाबा खिशातल्या विड्या आणि आगपेटी माझ्या हातात द्यायचे आणि मी त्या वर नेऊन फळीवर ठेवून परत यायचे. मग बॅटरीची तार काढायची. इंजिन गार आहे की नाही ते तळहात ठेवून बघायचं. इंजिनाच्या कुशीला तळहाताएवढा पेट्रोलचा पंप असतो, तो टाकीतलं पेट्रोल ओढून पुढे कार्बोरेटरला देतो. त्याच्या दोन अर्ध्या वाट्या, मध्ये रबराचा पडदा, आणि वाट्या एकमेकींना धरून ठेवायला कडेनं सहा बारके बोल्ट. पडदा जुना झाला की ते सहा बोल्ट काढायचे, नवा पडदा बसवायचा, आणि पुन्हा आवळायचे. काम एवढंच, पण बाबा त्याला अख्खी सकाळ लावायचे. बोल्टचे आटे जुन्या दातांच्या ब्रशनं साफ करायचे, कोरड्या फडक्यानं पुसायचे. तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही. "तेल लागला की बोल्ट खोटा बोलता," ते म्हणायचे, "अजून सैल आसंय म्हणता आणि सरकत ऱ्हवता." आधी सहाही बोल्ट बोटांनी बसवायचे, पाना न लावता. मग पाना, तोही थोडा थोडा. एक झाला की त्याच्या शेजारचा घ्यायचा नाही, समोरचा घ्यायचा, म्हणजे वाटी एका अंगाला कलत नाही. असे तीन फेरे. शेवटी इंजिन चालू करून खाली कोरडं फडकं धरायचं, आणि सगळ्यांत शेवटी बाबा नाक जवळ नेऊन डोळे मिटायचे. नाकानं हो म्हटलं की मग बॉनेट खाली.

मी आता साठी ओलांडलेली बाई आहे. मुलाची गाडी विजेवर चालते. तळघरातल्या पार्किंगमध्ये ती उभी असते, तिला कसलाच वास नाही, आणि तिच्या पोटात काय आहे ते त्यालाही माहीत नाही, मलाही नाही. कधी पेट्रोल पंपावरून चालत गेले तर मी पावलं हळू करते. सून म्हणते, आई, तो वास चांगला नसतो, पटकन चला. मी पटकन चालते.

आयटीआय झाल्यावर मला माझगावला जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात नोकरी लागली. हत्यारांच्या कोठारात, मोजमापाची साधनं तपासायच्या कामावर. तिथं मी पहिल्यांदा काट्याचा पाना बघितला. लांब दांड्याचा पाना, मुठीजवळ आकड्यांची पट्टी आणि तिच्यावर एक काटा. बोल्ट आवळत जाल तसा काटा सरकतो आणि जोर किती लागला ते आकड्यात सांगतो. माझं काम त्या पान्यांना वजनं लटकवून काटा खरं बोलतोय का ते बघायचं. मी बावीस वर्षांची होते आणि सगळ्या जगाला आकडा असतो असं मला नव्यानंच कळलं होतं. घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं की गाडीच्या पुस्तकात पंपाच्या बोल्टला तीसचा आकडा दिलाय, तुम्ही कितीवर आवळता ते तुम्हाला तरी माहीत आहे का. ते हसले. "तुझ्या काट्याक काय माहीत, बोल्ट नवो की जुनो, हवा गरम की थंड?" आई ताटं वाढत होती. ती म्हणाली, "बापाक शिकवतंस? जेवा आदी."

त्यानंतरच्या वर्षात काही गोष्टी झाल्या, त्या तेव्हा सुट्या सुट्या वाटल्या. एकदा बाबा स्टोच्या शेजारी पेपर वाचत बसले होते आणि दूध उतू जाऊन करपलं, सगळ्या गॅलरीला वास गेला, हे तसेच वाचत बसलेले. जिन्यावरून ओरडून विचारणं थांबलं. आईनं भरल्या पापलेटात हिरवा मसाला घातला तरी काही बोलले नाहीत, लाल घातला तरी नाही. आणि एका रविवारी, मी शेजारी उभी असताना, पंपाच्या एका बोल्टचे आटे त्यांच्या हातून गेले. पाना फिरत होता, ते भिंतीकडे बघत होते, आणि हात थांबलाच नाही. करकर असा बारीक आवाज आला आणि बोल्ट नुसताच फिरायला लागला. बाबांनी पाना काढला, बोल्ट डोळ्यांजवळ धरून बघितला आणि म्हणाले, "मालच हलको." मीही तेच म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही आटा गेला नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी दुसरा जुना पंप आणला आणि मी कामावर असताना एकट्यानं बसवला.

तेव्हा बाबा सकाळी तीन मुलांना परळहून दादरच्या शाळेत सोडायचे. दोघे भाऊ आणि गौरी नावाची दुसरीतली मुलगी, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. त्या दिवशी मलाही दादरला जायचं होतं. कारखान्यातून काही जणांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी विशाखापट्टणमला पाठवणार होते आणि माझं नाव द्यायचं म्हणून आयटीआयच्या दाखल्याची नक्कल हवी होती. कचेरी उघडायच्या आधी रांगेत लागावं म्हणून मी बाबांच्या शेजारी पुढे बसले. मुलं मागे. परळ सोडल्यावर मला वास आला. पुढच्या ट्रकचा असेल असं वाटलं. हिंदमाताच्या सिग्नलला आम्ही थांबलो, ट्रक निघून गेला होता, आणि वास वाढला. बाबा आदल्या दिवशीच्या कोणा गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होते.

मागून गौरी म्हणाली, "काका, वास येतोय. मला मळमळतंय."

"खंयचो वास गो? गटाराचो?"

"नाही, पेट्रोलचा."

बाबांनी दीर्घ श्वास घेतला. मी बघत होते, त्यांची छाती वर आली, नाकपुड्या फुलल्या. मग त्यांनी आरशातून गौरीकडे बघून अगदी खरेपणानं सांगितलं, "नाय बा. माका तर काय येना नाय."

माझे डोळे चुरचुरायला लागतील एवढा वास होता. आणि ते खोटं बोलत नव्हते. पंपाची गळती मला त्या क्षणी सुचलीसुद्धा नाही, आधी बाबांच्या चेहऱ्याचीच भीती वाटली. मी म्हटलं, "बाबा, गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा." त्यांच्याशी मी त्या आवाजात कधी बोलले नव्हते. त्यांनी काही न विचारता गाडी बाजूला घेतली. मी तिन्ही मुलांना उतरवून एका बंद कापडाच्या दुकानाच्या पायरीवर नेऊन उभं केलं. शेजारी एक माणूस विडी पेटवत होता, त्याला हात जोडून लांब जायला सांगितलं. मग बॉनेट उघडलं.

पंपाच्या दोन वाट्यांच्या सांध्याला चारी बाजूंनी ओल सुटली होती. खालच्या कडेला थेंब धरत होता, गळत होता आणि तापलेल्या इंजिनावर पडून उडून जात होता. हातभर अंतरावर ठिणगीच्या तारा. मी बोल्टना हात लावला. पहिला सैल. तिसरा माझ्या नखानं फिरला. आटे पुन्हा जातील या भीतीनं बाबांनी तो पंप आवळलाच नव्हता, नुसता बसवला होता. किती पुरे, हे त्यांचा हात त्यांना सांगेनासा झाला होता आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं.

बाबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी तर्जनी त्या ओलीवर टेकवली आणि नाकाशी नेली. एकदा. पुन्हा. मग डाव्या हाताचं बोट.

"ह्या पाणी मा?" त्यांनी हळूच विचारलं.

"पेट्रोल आहे, बाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पायरीवर ओळीनं उभ्या असलेल्या मुलांकडे. बोट विजारीला पुसलं. "पोरांक चलवत नेतंय," म्हणाले. तिन्ही दप्तरं एका खांद्यावर घेतली, गौरीचा हात धरला, भावांना पुढे घातलं आणि दादरच्या दिशेनं चालायला लागले. मी गाडीशी थांबले. इंजिन गार होईपर्यंत थांबले, डिकीतून पाना काढला, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करून तीन फेऱ्यांत आवळले. ते परत आले तेव्हा मी गाडी चालू करून घेतली, फडकं धरलं, फडकं कोरडं राहिलं. त्यांनी तपासून बघितलं नाही. आयटीआयला मी त्या दिवशी गेलेच नाही.

घरी मी आईला सगळं सांगितलं. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. आईनं डब्यातून तिरफळं काढली, दगडानं ठेचली, आणि तसाच हात घेऊन बाहेर गेली. तळहात त्यांच्या नाकाखाली धरला. ताज्या ठेचलेल्या तिरफळाचा वास आत माझ्यापर्यंत आला. बाबांनी डोळे मिटले आणि मान हलवली.

"कदीपासून?" आईनं विचारलं.

"गणपतीपासून आसात. त्याच्या आदीपासून पण आसात. माका वाटला, तूच मसालो बदललंस."

आई तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आणि मी म्हणतंय, ह्यांका आता माझ्या हातचा जेवाण आवडना नाय." तिनं पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. रडता रडता हसायला लागली. सात-आठ महिने ती मनात काय घेऊन भात वाढत होती, ते आम्हाला तेव्हा कळलं. बाबांनी तिचा तो तिरफळाचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. चाळीत चारचौघांदेखत त्यांना हात धरताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

कंपवातात कधी कधी आधी नाक जातं आणि हात नंतर, हे एका डॉक्टरनं मला सांगितलं ते पुष्कळ वर्षांनी. तेव्हा आमच्या मते ती सर्दी होती, मुरलेली. आईनं ओव्याची धुरी दिली.

टॅक्सी चार दिवस जागेवरून हलली नाही. मुलांना दुसऱ्या टॅक्सीवाल्यानं नेलं. पाचव्या दिवशी मी कामावर निघाले तेव्हा बाबा दाढी करत होते. आरशातच बघत म्हणाले, "तुझो तो काट्याचो पानो घरी हाडूक गावात?"

आमच्या कोठाराचे प्रमुख परेरासाहेब माझगावातच राहायचे, भला माणूस. मी खरं ते सांगितलं. त्यांनी वापरातून काढलेला एक लहान पाना शोधून दिला आणि गेटवर दाखवायला चिठ्ठी लिहून दिली. मी त्याला तीनदा वजनं लावून तपासलं, एवढं मी जहाजाच्या कामाला जाणाऱ्या पान्यांनासुद्धा तपासलं नसेल. रविवारी पुन्हा बॉनेट उघडलं, विड्या वर फळीवर गेल्या, नवा पडदा घातला. बाबांनी सहा बोल्ट बोटांनी बसवले. मग तो पाना हातात घेतला आणि सवयीनं भिंतीकडे बघितलं.

"बाबा, काट्याकडे बघायचं."

"होय, होय."

ते वाकले. काटा दहावर आला, तिथे मी थांबवलं. समोरचा बोल्ट. मग बाकीचे. दुसऱ्या फेरीला वीस. तिसऱ्या फेरीला काटा तिसावर टेकला आणि मी म्हटलं, "बस." त्यांनी पाना तसाच धरून माझ्याकडे वर बघितलं.

"बस?"

"तीस झाले."

"माझ्या हाताक वाटता, अजून काय झालाच नाय," ते म्हणाले.

ते पुढच्या बोल्टकडे वळले. सहाही बोल्ट तिसावर झाले. घाम पुसत त्यांनी तो पाना फडक्यात गुंडाळला, लहान मुलाला गुंडाळावं तसा. मला वर्षभर जे वादात जिंकायचं होतं ते मी त्या सकाळी जिंकले होते, आणि वर जाऊन मी घावणा ताटात तसाच ठेवून उठले.

काट्यानं मनगटाचं काम केलं, पण नाकाचं काम करणारं काही आमच्या कोठारात नव्हतं. म्हणून मी ठरवलं की रोज बाबांच्या आधी मी वास घेणार. साडेपाचला आम्ही दोघं खाली उतरायचो. नळाला पाणी आलेलं असायचं, हंडे लागलेले, आकाश पांढरं व्हायला लागलेलं. बाबा गाडी चालू करायचे, मी बॉनेटखाली वाकायचे. पंपाजवळ, नळीच्या जोडाजवळ, कार्बोरेटरजवळ. मग म्हणायचे, "काही नाही, बाबा." ते तेवढ्यावर विश्वास ठेवून गाडीत बसायचे. पहिल्या आठवड्यात एवढंच. मग एका सकाळी त्यांनी विचारलं, "आणि काय काय वास येता?"

मी सांगायला लागले. तळमजल्यावर कोणीतरी कांदा परतलाय. बंबात ओली लाकडं घातलीत, धूर कडू आहे. कोपऱ्यावरच्या भट्टीत पाव निघाले. मसाल्याच्या गल्लीत धणे भाजतायत, मिरची अजून लागलेली नाही. बाबा इंजिन बंद करून, टपाला टेकून, मन लावून ऐकायचे, आकाशवाणीवरच्या बातम्या ऐकायचे तसे. कधी मध्येच थांबवायचे, "धने जळाले काय?" मी पुन्हा वास घ्यायचे आणि सांगायचे, नाही, बरोबर भाजलेत. मग ते समाधानानं मान हलवायचे. मुलांना त्यांनी पुन्हा शाळेत न्यायला सुरुवात केली, आधी तिघांच्याही आयांना जे झालं ते स्वतः सांगून. गौरीची आई म्हणाली, तुमची मुलगी रोज तपासते ना, मग झालं.

ती पाच-सहा महिन्यांची सकाळ मला अजून हवी असते. दुसरं काही नाही. लग्न, मुलगा, बढती, सगळं झालं आणि चांगलं झालं. पण कोणी मला विचारलं की काय परत मिळालं तर घेशील, तर मी साडेपाचचं ते आवार मागेन. इंजिनावर वाकलेली मी, आणि माझ्या पाठीमागे माझ्या उत्तराची वाट बघत उभे असलेले बाबा.

विशाखापट्टणमला मी नाही म्हणून सांगितलं होतं. घरी बोलले नव्हते. बोलण्यासारखं काही नव्हतंच, मी गेले तर सकाळी खाली कोण जाणार? आईला पेट्रोलच्या वासानं चक्कर यायची. पण एका संध्याकाळी बाबा मला घ्यायला कारखान्याच्या गेटवर आले, मला बाहेर पडायला उशीर झाला, आणि परेरासाहेब त्यांच्याशी गप्पा मारत उभे राहिले. नंतर मला कळलं, ते म्हणाले होते, "तुमच्या पोरीनं ना कशाला म्हटला? तिच्याएवढा बारीक काम इकडे कोणच करत नाय. मी नाव अजून काडलेला नाय हां." बाबा घरापर्यंत नेहमीसारखे गाडी चालवत आले.

आठ दिवसांनी मी कामावरून आले तर खिळ्यावर टॅक्सीची चावी नव्हती. आवारातही टॅक्सी नव्हती, पण ती फेरीवर असेल असं मला वाटलेलं. बाबा मात्र घरात होते.

"गाडी इकून टाकलंय," ते म्हणाले. "माझगावचो एक ड्रायव्हर आसा, तेणा घेतल्यान. चांगलो पोरगो. बोल्ट कसे आवळूचे ता सगळा दाखवलंय तेका. तीस म्हणून सांगलंय."

मी आईकडे बघितलं. ती भाकरी थापत होती आणि वर बघत नव्हती.

"मला विचारलं का नाही?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"तू माका इचारलंस? नाय म्हणून सांगताना?"

मग ते म्हणाले, "रोज सकाळी माझ्यासाठी वास घेत ऱ्हवशीत तर तुझा सगळा आयुष्य त्या बॉनेटखाली जायत."

"मला आवडतं ते, बाबा."

"माका पण आवडता," ते म्हणाले. "म्हणानच इकलंय."

मला निघायला तीन आठवडे होते. साडेपाचला मला जाग यायची आणि मी अंथरुणात पडून नळाचं पाणी ऐकायचे. पलीकडे बाबाही जागे असायचे, मला कळायचं. आम्ही दोघांनीही उठायचं टाळलं.

जायच्या दिवशी आईनं घावणे आणि सुक्या बांगड्याची चटणी बांधून दिली. बाबा व्ही.टी.पर्यंत सोडायला आले, दुसऱ्याच्या टॅक्सीतून. गाडीच्या मागच्या सीटवर ते त्या दिवशी पहिल्यांदा बसले असावेत. पाय कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हतं. भायखळ्याच्या पुलावर मी बघितलं, त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत होता, थांबत नव्हता. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी डावा हात त्यावर ठेवला आणि विचारलं, "तिकीट घेतलंस मा?"

"घेतलंय."

"पाण्याची बाटली?"

"घेतली, बाबा."

विशाखापट्टणमला पहिले दोन महिने पत्रं आईच्या हातची आली, मोठ्या गोल अक्षरात, सगळे बरे आहेत एवढंच सांगणारी. तिसऱ्या महिन्यात एक आंतरदेशीय आलं ते बाबांचं. त्यांचं अक्षर चांगलं ठसठशीत असायचं. या पत्रातली पहिली ओळ तशीच होती, मग प्रत्येक ओळीला अक्षर बारीक होत गेलं होतं, खाली खाली तर मला एक शब्द लागेना. वसतिगृहातल्या दिव्याखाली मी खूप प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेत नेलं, जेवणाच्या सुट्टीत सगळे गेल्यावर मापाच्या पट्ट्या तपासायच्या मोठ्या भिंगाखाली धरलं, आणि एकेक शब्द सरकवत वाचलं.

"चि. शैला हिस अनेक आशीर्वाद. आम्ही खुशाल आहोत, तू प्रकृतीस जपावे. हल्ली मी व तुझी आई पहाटे खाली जातो. पोटरी दुखते म्हणून डॉक्टरने चालण्यास सांगितले आहे. आई सांगते त्याप्रमाणे आज तळमजल्यावर सुकट भाजली होती. बंबाचा धूर नव्हता. पाव निघाले, पण नेहमीपेक्षा उशिरा. मिरची लागली होती. धणे थोडे करपले असे तिचे म्हणणे आहे, पण तिला त्यातले तुझ्याएवढे समजत नाही."

भिंगावरून डोळा काढला तर कागदावर नुसती मुंग्यांची रांग दिसत होती. बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी डोळा पुसला आणि पुन्हा पहिल्या ओळीवर नेऊन ठेवला.